व्यवसाय-परिचय : रुग्णालयातील संशोधन साहाय्यक

काशीच्या दुर्गाघाटावर राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी या सदराकडे पत्र पाठविले आहे. त्यांची कन्या प्राणिशास्त्र हा विषय घेऊन एम.एस्सी. झाली. तिला शहरातील एका रुग्णालयात संशोधन साहाय्यकाची जागा देऊ करण्यात आली आहे; मुदत एक वर्षाची. घरातील आजोबांना ही नोकरी उमजत नाही. ‘डॉक्टर नाही, परिचारिका नाही, कारकूनही नाही, मग ही रुग्णालयात जाऊन करणार तरी काय?’ असे ते विचारतात. आईची चिंता निराळी आहे. मुलीला रोग्यांच्या घरी हिंडावे लागेल, असे तिने ऐकले आहे. शिवाय हे काम म्हणजे गोरगरीब रोग्यांवर औषधांचे प्रयोग करणे होय, असेही कोणी तिच्या कानावर घातले आहे. मुलीला या कामावर पाठवावे की न पाठवावे, असा सल्ला त्यांनी मागितला आहे.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. विज्ञानाची पदवी घेतलेल्या पुष्कळ तरुण-तरुणींपुढे आज ही वाट येते. वाराणसीपुरते बोलावयाचे तर काशी हिंदू विश्वविद्यालयाची आयुर्विज्ञान संस्था आणि तिचे सर सुंदरलाल रुग्णालय आहे. त्याच आवारात २०१९ साली महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र सुरू झाले. अशा संस्थांतून उपचाराच्या जोडीने संशोधनही चालते. म्हणून या व्यवसायाची थोडी विस्ताराने ओळख करून घेणे उचित ठरेल.

डॉक्टरांचा प्रश्न आणि संशोधनाचा प्रश्न

आजोबांच्या शंकेपासून आरंभ करू. डॉक्टरांपुढे एक रोगी बसलेला असतो आणि ‘याला बरे कसे करावे?’ हा त्यांचा प्रश्न असतो. संशोधनाचा प्रश्न याहून वेगळा. ‘हे औषध शंभर रोग्यांना दिले तर किती बरे होतील, किती होणार नाहीत, आणि जे होणार नाहीत ते का?’ या प्रश्नाचे उत्तर कोणा एकाच्या स्मरणातून मिळत नाही. अनुभवी वैद्यालाही बरे झालेले रोगी अधिक आठवतात. जे परत आलेच नाहीत ते बरे झाले म्हणून आले नाहीत की दगावले म्हणून, हे त्याला कळावयास मार्ग नसतो. ते शोधून काढणे आणि जे आढळले ते जसेच्या तसे लिहून ठेवणे, हे संशोधन साहाय्यकाचे मुख्य काम होय.

याचे एक ठळक उदाहरण काशीतच आहे. काला आजार हा वाळूमाशीच्या चाव्याने पसरणारा रोग. महिनोन्महिने ताप राहतो, प्लीहा म्हणजे पानथरी वाढत जाते, रक्त कमी होते, आणि उपचार न झाल्यास बहुधा मृत्यू ओढवतो. आपल्या देशात याचा सर्वांत मोठा भार बिहारने सोसला. झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाच्या पूर्वभागातही तो आढळतो. काशी हिंदू विश्वविद्यालयातील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. श्याम सुंदर व त्यांचे सहकारी यांनी वाराणसी आणि बिहारातील मुझफ्फरपूर येथे या रोगावर अनेक वर्षे संशोधन केले.

अँटिमनी या धातूपासून तयार केलेली इंजेक्शने हा या रोगावरचा कित्येक दशकांचा उपाय. पुढे तो निष्फळ होऊ लागल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. २००० साली या संशोधकांनी ३२० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषध तेच होते. पण उत्तर प्रदेशातील रोग्यांपैकी ८६ टक्के बरे झाले होते, तर बिहारमधील केवळ ३५ टक्के. म्हणजे औषध सर्वत्र निरुपयोगी झालेले नव्हते. एका विशिष्ट मुलखात रोगजंतू त्याला दाद देईनासे झाले होते. वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. हा निष्कर्ष निघण्यासाठी प्रत्येक रोग्याचा पत्ता बिनचूक नोंदलेला असणे आवश्यक होते. रोगी कोठला, हे निष्काळजीपणे लिहिले गेले असते, तर दोन्ही प्रांतांचे आकडे एकमेकांत मिसळून औषध ‘बरेचसे चालते’ अशी फसवी सरासरी निघाली असती, आणि बिहारमधील रोगी त्याच इंजेक्शनांच्या भरवशावर राहिले असते. पत्त्याचा रकाना दिसावयास क्षुल्लक; पण त्यावर माणसांचे जीव अवलंबून होते.

सहा महिन्यांनंतरची भेट

यानंतर मिल्टेफोसिन हे तोंडाने घ्यावयाचे औषध आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २९९ रोग्यांना ते २८ दिवस देण्यात आले आणि ९४ टक्के रोगी पूर्ण बरे झाल्याचे आढळले. काला आजारावर पोटात घेण्याचे औषध मिळाले, ही मोठीच गोष्ट होती. परंतु संशोधन तेथे संपले नाही. ते औषध दहा वर्षे वापरात राहिल्यावर पुन्हा ५६७ रोग्यांना देऊन त्याचा गुण तपासण्यात आला. २०१२ साली प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष मोठे बोधप्रद आहेत. उपचार संपला त्या वेळी ९७.५ टक्के रोगी बरे दिसत होते. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा हेच प्रमाण ९०.३ टक्के भरले. मधल्या काळात काहींचा रोग उलटला होता.

शंभरांतील हे सातजण कोणामुळे सापडले? ताप गेला, भूक लागू लागली, की रोगी गावी परततो. पेरणी असते, मजुरी बुडत असते. ‘बरे वाटते आहे, मग पुन्हा इतक्या लांब कशाला जावयाचे?’ असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी कोणीतरी वहीतील तारखा पाहून निरोप धाडतो, दूरध्वनी करतो, उत्तर न आल्यास गावचा पत्ता शोधत जातो आणि रोग्याला गाठतो. हे कोणी केले नसते, तर ९७.५ हाच आकडा खरा मानला गेला असता आणि औषधाचा गुण ओसरू लागल्याची सूचना वेळेवर मिळाली नसती.

पुढे लायपोसोमल अँफोटेरिसिन बी या औषधाची एकच मात्रा शिरेवाटे देऊन भागते काय, याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ४१२ रोग्यांच्या त्या अभ्यासात एका मात्रेने ९५.७ टक्के रोगी सहा महिन्यांनंतरही निरोगी आढळले. जुन्या पद्धतीत सुमारे महिनाभर रुग्णालयात राहून पंधरा वेळा औषध घ्यावे लागे, आणि गुण जवळजवळ तितकाच येई. २०१४ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात एका मात्रेच्या या उपचाराला अग्रस्थान मिळाले. ज्या मजुराची महिनाभराची कमाई वाचली, त्याला या अभ्यासातील नोंदी कोणी ठेवल्या हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही.

दिवसभराचे काम

आता प्रत्यक्ष काम पाहू. सकाळी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या रोग्यांपैकी अभ्यासाच्या अटींत कोण बसतो, हे साहाय्यक पाहतो. वय, पूर्वीचे आजार, चालू असलेली औषधे यांची तो चौकशी करतो. जो अटींत बसतो त्याला अभ्यास समजावून सांगून संमती घेण्याच्या कामी तो डॉक्टरांना मदत करतो. मग वजन, ताप, रक्तदाब यांच्या नोंदी. रक्ताच्या नळीवर नाव न लिहिता ठरलेला क्रमांक आणि वेळ घालणे. नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचविणे आणि उणे ८० अंशांच्या शीतपेटीत त्याची जागा टिपून ठेवणे. दुपारनंतर नोंदपत्रे तपासणे, ती संगणकावर चढविणे, पुढच्या आठवड्यात कोणी यावयाचे आहे त्यांची यादी करणे. एखाद्या रोग्याला औषधाचा गंभीर अपाय झाला, तर चोवीस तासांच्या आत वरिष्ठांनी तो शासनास आणि नैतिकता समितीस कळविला पाहिजे, असा नियम आहे. त्यासाठी ती बातमी वरिष्ठांना तत्काळ देणे हे साहाय्यकाचे कर्तव्य.

नोंदीत चूक झाली तर काय करावयाचे, याचाही दंडक आहे. चुकीचा आकडा खोडरबराने पुसावयाचा नाही, पांढऱ्या रंगाने झाकावयाचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ ओढून शेजारी योग्य आकडा लिहावयाचा, आणि खाली तारीख व आपली आद्याक्षरे घालावयाची. आधी काय लिहिले होते, हे दुसऱ्याला वाचता आले पाहिजे. या लहानशा नियमात या व्यवसायाचे सारे शील साठवले आहे.

दुर्गाघाटावरील वाचकांना हे परके वाटू नये. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा परिसर पेशवाईपासून महाराष्ट्रीय कुटुंबांच्या वस्तीचा आणि पोथ्या-पाठांतराचा. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नकल करणारा लेखक बहुधा असे नमूद करी की, समोर जी प्रत होती तिच्याबरहुकूम आपण लिहिले आहे. आपल्या पदरचे काही घातलेले नाही. संशोधन साहाय्यकाचा बाणा हाच असतो. फरक इतकाच की, पोथीचा लेखक अशुद्धाचा दोष आपल्याकडे नाही असे म्हणून मोकळा होई. संशोधन साहाय्यकाला तशी सवलत नाही.

अंगी काय असावे?

पहिला गुण सत्यनिष्ठेचा. रोगी ठरल्या दिवशी आला नाही, तर त्या दिवसाचा रकाना रिकामा राहतो. रिकामा रकाना वरिष्ठांना खुपतो, साहाय्यकालाही खुपतो. मागच्या वेळी वजन ४२ किलो होते, आजही तेवढेच असेल, असे मनाशी म्हणून आकडा भरणे अगदी सोपे असते, आणि ते कोणाच्या ध्यानीही येणार नाही. नेमकी येथेच माणसाची परीक्षा होते. ‘रोगी आला नाही’ ही नोंद खरी आहे. अंदाजाने भरलेले ४२ खोटे आहे. रिकाम्या रकान्याचा हिशेब संख्याशास्त्रज्ञाला करता येतो. खोट्या आकड्याचा कोणालाही करता येत नाही.

दुसरा गुण बोलण्यातील आर्जवाचा. वाराणसीत भोजपुरी आणि हिंदी बोलणारे रोगी येतात; त्यांच्याशी त्यांच्या भाषेत, त्यांना कळेल अशा शब्दांत बोलता आले पाहिजे. काही प्रश्न नाजूकही असतात. मिल्टेफोसिनपासून गर्भाला अपाय होण्याचा धोका असल्याने ते घेणाऱ्या स्त्रीने उपचाराच्या काळात आणि नंतर काही महिने गर्भधारणा टाळणे आवश्यक असते. घुंघट घेतलेल्या नवविवाहितेला, सासू शेजारी बसलेली असता, हे कसे विचारावे आणि कसे समजवावे? तिला थोडे बाजूस नेऊन शांतपणे बोलणारी सुशिक्षित तरुणी येथे जे काम करू शकते, ते भल्याभल्यांना साधत नाही.

तिसरा गुण गुप्ततेचा. रोग्याचा आजार, त्याच्या तपासण्या, त्याच्या घरची स्थिती हे सारे साहाय्यकाला कळते. ते गल्लीत, नातेवाइकांत, जेवणाच्या पंगतीत, कोठेही उच्चारावयाचे नाही. चौथा गुण चिकाटीचा, आणि पाचवा धैर्याचा. वरिष्ठ कितीही मोठे असोत, ‘हा आकडा मी पाहिलेला नाही, मला भरता येणार नाही’ हे नम्रपणे पण ठामपणे सांगता आले पाहिजे. जे वरिष्ठ खरे संशोधक असतात ते अशा साहाय्यकाची किंमत जाणतात.

आईची शंका

‘रोग्यांवर प्रयोग’ या आईच्या भीतीला आधार नाही, असे म्हणता येणार नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक लस देण्याचा एक अभ्यासप्रकल्प झाला. वसतिगृहात राहणाऱ्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे पुढे उघड झाले. २०१० साली तो प्रकल्प थांबविण्यात आला, आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. त्या लसीची उपयुक्तता पुढे अनेक देशांत सिद्ध झाली आहे. तेथे चुकली ती संमती घेण्याची रीत.

म्हणूनच आज या कामाला नियमांची चौकट आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८० साली प्रथम या विषयीचे धोरण जाहीर केले. तिची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे २०१७ सालची आहेत. जून २००९ पासून औषधांच्या चाचण्या सार्वजनिक नोंदणीपटावर नोंदविणे सक्तीचे झाले, आणि २०१९ साली केंद्र शासनाने नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या यांविषयी स्वतंत्र नियम केले. रोग्याला लिहिता-वाचता येत नसेल, तर निःपक्षपाती साक्षीदारासमोर सारे वाचून दाखवूनच त्याचा अंगठा घ्यावयाचा असतो. रोगी नाही म्हणाला, किंवा मधूनच बाहेर पडला, तरी त्याच्या नेहमीच्या उपचारात तिळमात्र उणीव येता कामा नये.

पण नियम कागदावर असतात. रोग्यासमोर बहुधा साहाय्यक बसलेला असतो. तो अंगठा घाईने घेतो, की रोग्याला समजले आहे याची खात्री करून घेतो, यावर त्या नियमांचा अर्थ ठरतो. सुसंस्कृत घरातील मुलामुलींनी या कामापासून दूर राहिल्याने रोग्यांचे रक्षण होणार नाही. त्यांनी ते नीट केल्याने होईल.

महाराष्ट्रातील एक दाखला

हे काम रुग्णालयाच्या भिंतींत मावत नाही, याचे उदाहरण महाराष्ट्रातील बार्शी येथे आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातील रोगी आपण होऊन रुग्णालयात येत नाहीत, म्हणून नोंद करणाऱ्यांनीच गावोगाव जावयाचे, अशी तेथील पद्धत. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटातील स्त्रियांची विषाणूसाठी एकदाच तपासणी करण्यात आली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ६४. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे जगाला मराठवाड्यातील खेड्यांनी दाखवून दिले. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर नंतर वादही झाला. आणि तो होणे इष्टच होते. अशा अभ्यासात वर्षानुवर्षे त्याच दारी जाऊन ‘बाई कशा आहेत?’ असे विचारावे लागते, आणि कधी ‘त्या गेल्या’ हे उत्तर ऐकून तेही तारखेसह लिहावे लागते.

जागा स्वीकारण्यापूर्वी

जीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या, समाजकार्य अथवा संख्याशास्त्र यांतील पदवी या कामास सामान्यतः चालते. पदांची नावे संस्थेगणिक बदलतात. नावावर न जाता काम विचारून घ्यावे. चाचण्यांच्या आचारपद्धतीचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण असते. ते घेऊन प्रमाणपत्र मिळवावे. एक गोष्ट मात्र घरातील सर्वांनी समजून घ्यावी. या जागा बहुधा प्रकल्पापुरत्या असतात. प्रकल्प संपला की जागा संपते. निवृत्तिवेतनाची आशा धरू नये. जिला पुढे पीएच.डी., सार्वजनिक आरोग्य किंवा चाचण्यांचे व्यवस्थापन या दिशेने जावयाचे आहे, तिला ही दोन-तीन वर्षे उत्तम पायाभरणी ठरतात. जिला केवळ कायम नोकरी हवी आहे, तिने दुसरी वाट पाहावी.

रुजू होण्यापूर्वी काही प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता मिळाली आहे काय? नेमणुकीचे पत्र व मुदत लेखी आहे काय? रक्ताचे नमुने हाताळावयाचे असल्यास हातमोजे आणि काविळीची, म्हणजे हेपॅटायटिस बीची, प्रतिबंधक लस संस्थेकडून मिळेल काय? गावी जावयाचे असल्यास वाहन, ओळखपत्र आणि सोबतीण यांची व्यवस्था काय, आणि परतण्याची वेळ कोणती? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर पत्रलेखिका भगिनींनी कन्येला अवश्य पाठवावे, असे आमचे मत आहे. उत्तर देण्याची टाळाटाळ झाली, तर पाठवू नये.

शेवटी सर्वच वाचकांसाठी एक विनंती. उद्या आपल्या दारी किंवा आपल्या रोग्याच्या खाटेपाशी असा एखादा साहाय्यक वही घेऊन आला, तर त्याला वाटेस लावू नका आणि डोळे मिटून सहीही करू नका. हा अभ्यास कशाचा, त्यात धोका कोणता, नाही म्हटले तर काय होईल, मध्येच सोडता येईल काय, आणि अडचण आल्यास कोणाला भेटावयाचे, हे त्याला विचारा. संमतिपत्राची प्रत मागून घ्या. जो चांगला साहाय्यक असेल, तो या प्रश्नांनी त्रासणार नाही. खाली बसून एकेकाचे उत्तर देईल. आणि आपण सहभागी व्हावयाचे ठरविले, तर मग सहा महिन्यांनी त्याचा निरोप येईल तेव्हा, बरे वाटत असले तरीही, जरूर जा. बरे वाटते आहे, हेही त्याला लिहून घ्यावयाचे असते.